पाण्याला लागणारे हात

बाळाला सहावा महिना पुरा होतोय, उष्टावणाचा मुहूर्त काढलाय, आणि काल फोनवर तू सगळी यादी वाचून दाखवलीस. चांदीची वाटी, मामाला निरोप, पहिला घास खिरीचा की मऊ वरणभाताचा. ऐकताना फार बरं वाटलं. पण त्या यादीत पाणी कुठेच नव्हतं आणि मला तर सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे. म्हणून हे लिहायला बसले. बाळ निजलं की सावकाश वाच. वाचून झालं की सासूबाईंना वाचून दाखव, जावईबापूंच्याही हाती दे. का, ते पुढे सांगते.

आजवर तुझं लेकरू सुरक्षित होतं, कारण ते फक्त अंगावर पीत होतं. वैशाखाच्या उन्हात शेजारणी म्हणाल्या, "घसा सुकेल गं त्याचा, दोन चमचे पाणी तरी घाल," तरी तू बधली नाहीस, हे फार चांगलं केलंस. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं. पहिले सहा महिने बाळाला वेगळ्या पाण्याची गरज नसते, भर उन्हाळ्यातसुद्धा नाही. ते पाणी नळातून येत नाही, भांड्यात राहत नाही, त्याला कुणाचा हात लागत नाही. आता मात्र पेज येणार, वाटी-चमचा येणार, घोट घोट पाणी येणार. त्यातच बाळ रांगायला लागेल आणि जमिनीवरचं जे सापडेल ते तोंडात घालेल. सहा महिने ते दोन वर्षं या वयात मुलांना जुलाब सर्वांत जास्त होतात ते याचमुळे. आणि तुझ्या बाळाचा सहावा संपतोय तो ऐन आषाढात, सगळीकडे नवं गढूळ पाणी आलेलं असताना.

उपकेंद्रावरच्या नोकरीत मी जे पाहिलं त्यातून एकच गोष्ट तुला सांगायची आहे. पाणी बाळाच्या ओठाशी पोचेपर्यंत त्याला कितीतरी हात लागतात. त्यातला एक हात तुझा. तू एकटी सगळं शिकलीस आणि बाकीच्या हातांना काही माहीतच नसलं, तर तुझी सगळी धडपड माठात बुडवलेल्या एका पेल्याने वाया जाते. आमच्याकडे यायच्या त्या बायकांना बहुतेक सगळं ठाऊक असायचं. घरात त्यांचं ऐकणारं कुणी नसायचं.

पाणी स्वच्छ दिसतं म्हणजे चांगलं असतं, हा समज आधी सोड. तुमच्याच भागातलं उदाहरण घे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या पट्ट्यातून हातापायांतली ताकद गेलेली माणसं दवाखान्यात येऊ लागली. लहान मुलंही होती. गियाँ-बारे सिंड्रोम, जीबीएस. रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली, काही जण दगावले. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने तपासलेल्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडला. तो दूषित पाण्यातून आणि कच्च्या राहिलेल्या मांसातून पोटात जातो, आधी जुलाब होतात, आणि मग एखाद्याच्या शरीरातली प्रतिकारशक्ती उलटून स्वतःच्याच मज्जातंतूंवर चालून जाते. हे क्वचित होतं, घाबरून जाऊ नकोस. पण लोक कुठलं पाणी पीत होते ते बघ. त्या भागाला पाणी पुरवणारी विहीर, टँकर, आणि खासगी आरओ प्रकल्पांतले जार. पालिकेने नंतर त्यातले कित्येक आरओ प्रकल्प बंद पाडले, कारण पाण्याचे नमुने पिण्यालायक नव्हते. लोकांनी पैसे मोजून, विश्वासाने, थंडगार आणि काचेसारखं नितळ पाणी घरी आणलं होतं.

म्हणून तुमच्या सोसायटीच्या पाण्याची नीट चौकशी कर. नळाचं पाणी कसं बिघडतं ते समजलं की काय विचारायचं तेही समजतं. आपल्याकडे नळाला चोवीस तास पाणी नसतं. पाणी चालू असतं तेव्हा पाइपात दाब असतो, तेव्हा गळक्या सांध्यातून पाणी बाहेर पडतं. पाणी बंद झालं की दाब जातो आणि त्याच फटीतून बाहेरचं आत शिरतं. पुष्कळ गल्ल्यांत पाण्याची लाइन आणि गटाराची लाइन शेजारी शेजारी गेलेली असते. मग आत काय शिरणार ते तूच बघ. त्यात कुणी थेट लाइनीला मोटर लावली की ती मोटर पाण्याबरोबर भोवतीची घाणही ओढते, आणि ती फक्त त्याच्याच घरात जात नाही, सगळ्या ओळीत जाते. पालिका मोटर लावायला मनाई करते ती पाण्याच्या वाटणीसाठी असं लोक समजतात. मुलांच्या पोटासाठीही ती मनाई तेवढीच मोलाची आहे. जावईबापू सोसायटीच्या कमिटीत आहेत ना? मग हे त्यांच्याकडे.

पाणी सुटल्यावर पहिलं पाणी पिण्यासाठी धरायचं नाही. ते बादलीत घे, फरशीला वापर, झाडांना घाल. चार-पाच मिनिटं जाऊ दे, मग पिण्याचं भर. लाइन दुरुस्तीसाठी दोन दिवस बंद होती, किंवा रस्ता खणला होता, तर आणखी जास्त वेळ जाऊ दे, आणि त्या दिवशी उकळल्याशिवाय घरातल्या कुणीही पिऊ नये, मोठ्यांनीसुद्धा. पाण्याला गटाराचा वास आला, पिवळट दिसलं, तर "आज जरा तसंच येतंय" म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी पालिकेकडे तक्रार करा आणि शेजाऱ्यांनाही करायला लावा.

टँकर येतो तेव्हा तो कुठून भरतो, त्यात क्लोरीन घातलंय का, हे विचारणारं कुणीतरी हवं. आणि सोसायटीच्या टाक्या. खालची टाकी पार्किंगमध्ये असते, तिचं झाकण गाड्यांच्या चाकांनी वाकलेलं असतं, पावसाचं पाणी त्यातून आत जातं. वरच्या टाकीत कबुतरं. टाक्या शेवटच्या कधी धुतल्या ते टाकीवर तारखेनिशी लिहिलेलं असलं पाहिजे. नसेल तर पावसाळ्यातच धुऊन घ्या, दिवाळीची वाट बघू नका.

आता क्लोरीन. बाजारात साधी तपासणीची किट मिळतात. पाण्यात द्रावणाचे थेंब टाकले की पिवळा रंग येतो, त्यावरून क्लोरीन उरलंय की नाही ते कळतं. लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन नळापाशी उरलेलं असावं असं भारतीय मानक आहे. पाण्याला क्लोरीनचा किंचित वास आला की पुष्कळ जणी नाक मुरडतात. मला तर तो वास आला की धीर येतो. रंग आलाच नाही तर समजायचं की वाटेत कुठेतरी घाण मिसळली आणि क्लोरीन तिच्यावरच खर्च झालं, किंवा घातलंच गेलं नव्हतं.

घरातलं मात्र तुझ्या हातात आहे. बाळासाठी पाणी उकळ. खळखळून उकळी आली की आणखी मिनिटभर ठेव आणि गॅस बंद कर. वीस-वीस मिनिटं आटवत बसायची गरज नाही, गॅस वाया जातो आणि मग कंटाळून बायका उकळणंच सोडतात. गढूळ असेल तर आधी तुरटी फिरव, निवळू दे, वरचं पाणी अलगद काढून गाळ आणि मग उकळ. तुरटीने माती खाली बसते, जंतू मरत नाहीत. कापडाने गाळण्याबद्दल लोक हसतात, पण बांगलादेशात जुन्या सुती साडीच्या कित्येक घड्या करून पाणी गाळायला शिकवलं, तर त्या गावांत कॉलरा जवळजवळ निम्म्याने कमी झाला. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक जिवांना चिकटून असतात, ते घड्यांत अडकतात. कॉलऱ्याचे अडकले तरी बाकीचे जंतू त्यातून पार होतात, म्हणून गाळणं हे उकळण्याच्या आधीचं काम, उकळण्याच्या ऐवजी नाही. गाळायचं फडकंही रोज धुऊन कडक उन्हात वाळव. पावसाळ्यात ऊन नसेल तेव्हा इस्त्री फिरव.

उकळलेलं पाणी त्याच भांड्यात झाकून निवव. दुसऱ्या भांड्यात ओतलं, तिसऱ्यात निवत ठेवलं, चौथ्यातून पाजलं, की उकळल्याचा उपयोग संपला. आणि हे सगळं करून झाल्यावर सर्वांत मोठी चूक होते ती माठापाशी. कुणीतरी येतं, झाकण काढतं, पेला धरून हात मनगटापर्यंत आत बुडवतं. तो हात आत्ताच मोबाइलवर होता, स्कूटरच्या हँडलला होता, नाकाला लागला होता. आपल्या आजीच्या घरी माठावर लांब दांड्याचं ओगराळं असायचं आणि ते दुसऱ्या कशाला वापरलं की ओरडा बसायचा. ते ओगराळं आण. नाहीतर सरळ तोटीचा माठ घे. बाळाचं पाणी तर वेगळंच, अरुंद तोंडाच्या स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात, चोवीस तासांत संपवायचं किंवा टाकून द्यायचं.

फिल्टर बसवला असेल तरी त्याची साठवणीची टाकी आतून कधी धुतली, कँडल कधी बदलली, हे बघ. आणि तुझी ती मैत्रीण यवतमाळला असते, तिला एवढं सांग की उकळून फ्लोराइड जात नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या बऱ्याच बोअरवेलना फ्लोराइड आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर असेल तर मुलांचे दात, मग हाडं बिघडतात. उकळल्याने पाणी आटतं आणि फ्लोराइड उलट दाट होतं. तिथे पाणी तपासून स्रोतच बदलावा लागतो. खतांमुळे बोअरला उतरणारं नायट्रेटही तसंच, आणि ते तर वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना फार घातक.

बाळाला बाटली देऊ नकोस. ऑफिस सुरू झालं की सगळे तुला बाटलीचा सल्ला देतील. बाटलीच्या बुचाच्या आतल्या कडेला दुधाचा थर राहतो, तो घासणीने निघत नाही, आणि तुझ्यामागे ती कोण कशी धुईल ते तुला बघता येणार नाही. वाटी-चमचा धुतला की धुतला. अंगावरचं काढून ठेवलेलं दूधही वाटी-चमच्याने पाजता येतं. पहिले दोन दिवस बाळ कुरकुरेल, सांडेल, मग शिकेल.

आता सासूबाई. त्यांच्यावर तुझा जीव आहे, त्यांचा बाळावर आहे, म्हणून हे नाजूक आहे. आता वरचं सुरू झालं की त्या सहाणेवर बाळघुटी उगाळतील. वेखंड, जायफळ, हळकुंड. त्यांना "घुटी नको" असं तोंडावर म्हणालीस तर त्या दुखावतील आणि तू ऑफिसात गेलीस की देतील. त्यापेक्षा बरोबर बसून बोल. सहाण धुतली कशाने, उगाळायला पाणी कुठलं घेतलं, ती सहाण रात्रभर उघडी होती का, असं त्यांच्याच हाताने एकेक बघू दे. डॉक्टरांनाही त्यांच्यासमोरच विचार, म्हणजे तू काही लपवतेस असं त्यांना वाटणार नाही. मध मात्र वर्षभर नाही म्हणजे नाही. तान्ह्या बाळाच्या आतड्यात मधातले काही जंतू वाढून विष तयार करू शकतात, हे डॉक्टरांकडूनच वदवून घे.

"दात येताना जुलाब व्हायचेच" हेही त्या म्हणतील. त्यांच्या आईने त्यांना सांगितलं होतं. दात येतात त्याच महिन्यांत मूल रांगतं, हिरड्या शिवशिवतात म्हणून मिळेल ते चावतं, वरचं खायला लागतं. जुलाब दातांमुळे होत नाहीत, तोंडात गेलेल्या जंतूंमुळे होतात. ही समजूत मला सगळ्यांत घातक वाटते, कारण तिच्यापायी घरातली माणसं दोन दोन दिवस थांबतात आणि दोन दिवस लहान बाळाला फार होतात. तशीच दुसरी एक समजूत, की तान्ह्या बाळाची शी घाण नसते. असते. मोठ्यांच्या शीइतकीच, कधी जास्त. दुपटी धुतल्यावर, बाळाला धुतल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय पाण्याच्या भांड्याला हात लागता कामा नये. नुसत्या पाण्याने हात ओले होतात, धुतले जात नाहीत. साबणाने हात धुण्याची सवय एवढी एकच गोष्ट घराघरांत लागली तरी मुलांचे जुलाब जवळपास एक तृतीयांशाने कमी होतात.

हे सगळं घरातल्यांना सांगणं हे उकळण्याइतकंच मोठं काम आहे. बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेने १९८० पासून दहा वर्षं तिथल्या बायका घरोघर पाठवल्या. त्यांनी आयांना शिकवलं ते एवढंच. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी, जुलाब लागलेल्या मुलाला पाजायचं. कागद वाटले नाहीत. आईने स्वतःच्या हाताने ते करून दाखवायचं. काही दिवसांनी दुसरं कुणीतरी येऊन त्या आईला विचारायचं, आणि तिच्या लक्षात किती राहिलं त्यावर शिकवणारीचा पगार ठरायचा. किती सुरेख विचार आहे बघ! शिकणाऱ्याला आलं नाही तर शिकवणं झालंच नाही. एवढं करूनही सुरुवातीला पुष्कळ घरांत ते पाणी मुलांना पाजलंच जात नव्हतं. शोध घेतला तेव्हा कळलं की शिकवणाऱ्या काही बायकांचाच त्यावर विश्वास नव्हता, आणि घरातल्या पुरुषांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. मग पुरुषांशी बोलणं सुरू झालं, बाजारात, मशिदीत. पुढे सव्वा कोटीच्या आसपास घरांपर्यंत ते शिक्षण पोचलं.

म्हणून म्हणते, जावईबापूंना नुसतं "पाणी उकळा" सांगू नकोस. एकदा त्यांनाच पहिल्यापासून शेवटपर्यंत करू दे. जुलाबात पाजायच्या मीठ-साखरेच्या पाण्याचं, म्हणजे ओआरएसचं, पाकीट फोडून एक लिटर मोजून करायला लाव. रात्री दोन वाजता बाळ ओकायला लागलं आणि तू तापाने पडलेली असलीस, तर ते त्यांना जमलं पाहिजे.

सगळी काळजी घेऊनही जुलाब होतील. झाले तर स्वतःला दोष देत बसू नकोस, लगेच कामाला लाग. जगात पाच वर्षांखालची चार लाखांहून जास्त मुलं दर वर्षी जुलाबांनी जातात, आणि त्यातली फार मोठी संख्या अंगातलं पाणी आणि क्षार गेल्याने जाते. ते परत भरलं की मूल वाचतं. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. सलाईन संपत आलं होतं, माणसं जमिनीवर पडलेली. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांना सांगितलं, तुम्ही पाजा. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं ते चार टक्क्यांच्या खाली आलं. त्या माणसाला २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. मला मात्र पाजणाऱ्या त्या नातेवाइकांचं राहून राहून वाटतं. त्यांच्यातलं कुणीही परिचारिका नव्हतं.

पाकीट घरात आत्ताच आणून ठेव. सरकारी दवाखान्यात, आशाताईंकडे फुकट मिळतं. पाकिटावर नीट वाच, ते एका लिटरचं आहे की २०० मिलिलिटरच्या पेल्याचं. लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात कालवलं तर मीठ फार होऊन बाळाला अपाय होतो. अर्धं पाकीट आज, अर्धं उद्या, असंही करायचं नाही. उकळून निववलेल्या पाण्यात पूर्ण पाकीट, चोवीस तासांत वापर, उरलेलं फेक. प्रत्येक पातळ शीनंतर पाव ते अर्धा कप, चमच्या-चमच्याने. ओकलं तर दहा मिनिटं थांब आणि आणखी सावकाश दे. पाकीट मिळेपर्यंत लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ चालतं, चहाचा लहान चमचा धरून. अंगावरचं दूध चालूच ठेव, उलट जास्त वेळा दे. पेज, मऊ भात, केळं, ताजं दही काहीही बंद करायचं नाही. उपाशी ठेवल्याने जुलाब थांबत नाहीत, बाळ मात्र खंगतं.

त्याबरोबर झिंक. सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅमची एक गोळी, चमचाभर पाण्यात विरघळवून, पूर्ण चौदा दिवस. चौथ्या दिवशी जुलाब थांबले की लोक झिंक थांबवतात. चौदा दिवस पुरे केले तर पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब होण्याची शक्यता कमी होते. मेडिकलवाल्याला विचारून जुलाब "बांधायचं" औषध बाळाला अजिबात देऊ नकोस. अँटिबायोटिक डॉक्टरांनी सांगितलं तरच. आणि फळांच्या चवीचं गोड पेय खोक्यात मिळतं ना, ते ओआरएस नव्हे. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष त्याविरुद्ध वर्षानुवर्षं एकट्या लढल्या, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने असल्या पेयांवर ओआरएस हा शब्द छापायला बंदी घातली. त्यातल्या जास्त साखरेने जुलाब वाढतात.

डोळे खोल गेले, टाळू बसली, रडताना पाणी येत नाही, सहा-आठ तास शू नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच सपाट होत नाही, शीत रक्त आहे, बाळ मलूल पडलंय, पीतच नाही, यातलं एकही दिसलं तर घरी थांबायचं नाही. १०८ ला फोन, आणि वाटेतही चमच्याने पाजत राहायचं. रोटाच्या तिन्ही मात्रा दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना झाल्या आहेत ना, कार्डावर एकदा बघून घे. त्या लशीने जुलाबांचं एक मोठं कारण टळतं, सगळी नाही. टायफॉइडच्या लशीबद्दल बाळाच्या डॉक्टरांना विचार.

शेवटी गणपतीचं. कोकणात घरी सगळे जमणार, विहिरीवर सकाळपासून गर्दी. विहिरीला कठडा आहे का, रहाटाशीच कपडे धुतात का, सांडपाणी परत आत झिरपतं का, आणि नवीन बांधलेल्या संडासाचा शोषखड्डा किती लांब आहे ते जावईबापूंनी बघावं. निदान १५ मीटर तरी हवा, आणि जांभ्यातल्या भेगांतून पाणी झपाट्याने वाहतं, म्हणून तिथे जितका लांब तितकं बरं. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर टाकतो. पावडरचं पोतं उघडं, ओलं पडलं असेल तर तिचा जोर गेलेला असतो, म्हणून टाकल्यावर ओटी टेस्ट, म्हणजे ती पिवळ्या रंगाची क्लोरीन तपासणी, केली का हेही विचारायचं. आपल्याकडे वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाण्याच्या स्रोतांची पाहणी होऊन गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. गावाला कुठलं मिळालंय? लाल असेल तर ग्रामसभेत उठून का ते विचारावं. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलंय, तुझ्या जाऊबाईंना त्यात घ्या म्हणावं. एच-टू-एसची एक छोटी बाटली मिळते, पाणी भरून उबदार जागी ठेवायची, एक-दोन दिवसांत काळी पडली तर पाण्यात मैला आहे. सासूबाईंना माझ्या शंभर शब्दांपेक्षा ती काळी बाटली पटेल.

हे पंचायतीचं सगळं मुद्दाम सांगतेय, कारण पाण्याचं ओझं एकट्या आईवर टाकणं मला मान्य नाही. जुलै २०२२ मध्ये मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत कॉलरा पसरला, माणसं गेली. बिल थकून वीज तोडल्यामुळे नळाचं पाणी बंद पडलं होतं, म्हणून लोक उघड्या विहिरीचं पाणी प्याले. तिथल्या आयांनी काय करायचं होतं? तेव्हा उकळणं घराचं, पण विजेचं बिल, पावडर, पाइप हे सगळ्या गावाचं, आणि त्यासाठी भांडायला बापांनी पुढे व्हायला हवं.

निघताना पिशवीत ओआरएसची चार पाकिटं, झिंकची पट्टी, पाण्यात घालायच्या क्लोरीनची, म्हणजे मेडिक्लोरची बाटली, बाळाची वाटी-चमचा आणि साबण ठेव. मेडिक्लोर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच, आणि घातल्यावर अर्धा तास थांबून मग ते पाणी वापरायचं. बाळासाठी तरीही उकळायचंच. जलसुरक्षकाचा नंबर जावईबापूंनी आजच त्यांच्या भावाकडून मागून घ्यावा, आणि चाकरमानी पोचायच्या आत विहिरीत पावडर पडेल हे त्याच्याकडून पक्कं करून घ्यावं.